शेणाचे हात

"मीच आहो जी ते," कौशल्याबाई म्हणाली आणि खिचडीच्या गंजात पळी फिरवत राहिली. शेजारी कांदे चिरणाऱ्या रुखमिणीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू गंजात पाल पडली.

साकोलीच्या कॉलेजातले अश्वजित सर मात्र हरखले. चाळीस वर्षांपूर्वी कुणी परगावचा फोटोग्राफर मिरची तोडायला आंध्रात जाणाऱ्या टोळ्यांमागे हिंडला होता. तो मेला, त्याची फोटोंची पेटी एका संस्थेला सापडली, आणि त्यातले भंडाऱ्याकडचे चेहरे हुडकायचं काम सरांच्या गळ्यात पडलं. एकोडी हे त्यांचं अकरावं गाव. आतापर्यंत पटलेल्या ओळखी दोन, "कोन्ती योजना आहे जी?" विचारणारे पन्नास.

मोबाइलवरच्या फोटोत मिरच्यांचा ढीग होता. ढिगामागे सात वर्षांची पोरगी, नाकावर फडकं, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. खाली लिहिलं होतं : 'अनोळखी मुलगी, १९८६'.

'मीच' म्हणायच्या आधी कौशल्याबाईने चौकशी करून घेतली होती.

"हा फोटो कागदावर भेटन का जी?"

"फोटोत जो आहे त्याले संस्था एक प्रत देते, मावशी. फ्रेम करून."

"अन् ते माणूस मेलं असन त?"

"मंग घरच्यायले नात्याचा कागद द्या लागते. जन्माचा, मृत्यूचा, काही तरी."

शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळण्याआधी कौशल्याबाईने बऱ्याच कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. त्यातून शिकली ती एकच गोष्ट : जिवंत माणसाला दहा फेऱ्यांनी का होईना काही मिळतं, मेलेल्याला कागदाशिवाय काही नाही. आणि गुलाबचा, तिच्या धाकट्या बहिणीचा, कागद कुठला? जन्म घरात, शाळेत नाव नाही, मरण परमुलखातल्या शेतात. मुकादमाच्या हजेरीतसुद्धा तिचं काम आईच्या नावात गेलेलं. गुलाब या जगात होती याचा पुरावा म्हणजे सरांच्या मोबाइलमधली ही बोटभर पोरगी. सर आत्ता मोटारसायकलवर बसतील आणि ती पुन्हा जाईल.

सर गेल्यावर रुखमिणीने तोंड उघडलं. "काहून वं खोटं बोल्ली? ते त तुई गुलाब होय ना?"

"फोटो त घरी येईन."

"अन् पकडली गेली त?"

"कोन पकडन? गुलाब येऊन सांगन का?"

संस्थेने साकोलीच्या हॉलात प्रदर्शन भरवलं, तिथे हा फोटो दाराएवढा करून लावला होता. कौशल्याबाई त्याच्यापुढे उभी राहिली. एवढी मोठी गुलाब कधी झालीच नव्हती.

शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुणे नागपूरचे होते. मातीने माखलेल्या चिमुकल्या हातांवर ते बराच वेळ बोलले. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. मग माइक कौशल्याबाईपुढे आला.

"माती नाही जी. शेण आहे."

पाहुणे पुढे झुकले. "शेण?"

"मिरचीनं हाताची लय आग होते. रडून राहिली होती ते..." ती अडखळली. "मी. मी रडून राहिली होती. मुकादम वरडे. मंग ताज्या शेणात हात बुडवून देल्ले. गार पडते. रडनं थांबते, तोडनं सुरू होते."

"कुणी बुडवले?"

"मोठ्या बहिणीनं."

"आणि त्या बहीणबाई आता कुठे असतात?"

खुर्च्यांमधून रुखमिणीने मान खाली घातली. कौशल्याबाईने एकदा फोटोकडे पाहिलं.

"तिथंच राहिली जी. हगवण लागली, तिसऱ्या दिवशी गेली. शेताच्या धुऱ्यावर पुरली. चवथ्या दिवशी माय तोडाले गेली."

पाहुण्यांनी चष्मा पुसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, शेवटी वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये रुखमिणी गाव येईपर्यंत गप्प राहील, ही आशा व्यर्थ होती. "अवो माय! सोतालेच मारून आली वं तू!"

"दोघीतली एक त मेलीच होती. कोन्ती, हे त्यायले काय करा लागते?"

"अन् तुले?"

कौशल्याबाईने श्रीफळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. फोटोतल्या त्या दुपारी पाणी लांब होतं. गुलाबने भात खाल्ला तो त्याच शेणाच्या हातांनी, आणि हात धुवायला नेणं मोठ्या बहिणीचं काम होतं. मोठी बहीण दहा वर्षांची होती आणि तिच्या ओळीतल्या मिरच्या उरल्या होत्या. रुखमिणीला तिने सगळं सांगितलं होतं, हे सोडून.

महिन्याने अश्वजित सर स्वतः फ्रेम घेऊन आले. चहा प्यायले, भिंतीला खिळाही त्यांनीच ठोकला. "आता अनोळखी नाही लिहिलं, मावशी," ते अभिमानाने म्हणाले. "संस्थेनं या फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात बी असंच छापून आलं."

फोटोखाली ठळक अक्षरांत होतं : 'कौशल्याबाई, एकोडी'.

'अनोळखी' होती तोवर निदान ती पोरगी कुणीतरी दुसरी होती.

"चांगलं झालं जी," कौशल्याबाई म्हणाली आणि सरांना वेशीपर्यंत पोचवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगणात सडा टाकला. बादलीच्या तळाशी उरलेलं शेण दोन बोटांवर घेतलं, घरात आली आणि काचेवर नावापुरतं लिंपलं. वर गुलाब, तिचे हात, मिरच्यांचा ढीग. खाली काळपट ओला पट्टा.

वाळलं की शेणाचा पापुद्रा सुटतो आणि नाव उघडं पडतं. म्हणून सडा झाला की दोन बोटं शेण रोज घरात येतं.