तक्ता नंबर चार

प्रिये, तू नुसतं ऐक गं. मधी बोलू नगंस, रडू येईल मला.

काल माझी एम.टेक.ची व्हायवा. इलेक्ट्रॉनिक्समधली दोन वर्षं त्या एका सेन्सरवर घातली मी. तंबाखूच्या पानात वल, म्हंजी ओलावा किती, ते सांगणारा. आता त्यो बरोबर सांगतोय का न्हाय, हे ताडायचं कशासंगं? लॅबच्या ओव्हनमधी पान वाळवून वजन करायचं असतंय. आमचा ओव्हन वरीसभर बंद! मग मी बोरगावला आमच्या आप्पांच्याकडं गेलते. आप्पा पान मुठीत धरतात, कानापाशी नेऊन दाबतात, आवाज ऐकतात. "कोरडं." "बेताचं." "वलं." सगळा बाजार मानतोय त्यांचा शब्द. चाळीस पानं झाली, मी लिहीत गेले.

गाइड लई हसला. "चंदना, तुझ्या बापाची मूठ काय इन्स्ट्रुमेंट हाय व्हय गं?" आणि सोता बसून तक्ता नंबर चार केला. ओव्हनची चाळीस रीडिंगं, पॉइंटच्या पुढं दोन-दोन आकडे. एक पान ओव्हनात गेलेलं न्हाय!

मी म्हटलं, "सर, हे..."

"थिसिसवर सही कुणाची लागती? माझी का आप्पाची?"

गप बसले. ती माझी चूक, कबूल.

काल बाहेरनं आलेले परीक्षक, म्हातारे, शांत. पानं उलटत नेमके तिथंच थांबले. "ओव्हन किती तापमानाला ठेवला होता?"

गाइड माझ्याकडं बघाय लागला. अगं, आकडा पाठ होता मला! एकशेपाच. एवढं म्हटलं की सुटले.

तोंडातनं निघालं, "ओव्हन बंद हाय सर. ही रीडिंगं घेतलेलीच न्हाईत."

"चंदना! पुरे!" गाइड उठलाच. "खोटं बोलती ही!"

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग लिहिली कुणी?"

"हिनंच."

व्हायवा तिथंच थांबली. भायर गाइडनं कागद पुढं केला. 'रीडिंगं मी मनानं लिहिली, सरांना माहीत नव्हतं.' म्हणाला, "सही कर. सोमवारी परत व्हायवा लावतो. न्हायतर सहा म्हैने माझी सही इसर. जा, तंबाखूच बांधत बस!"

आणि पुण्याची ती नोकरी एक तारखेची गं. डिग्री न्हाय, तर ती दुसऱ्याला जाणार.

मी कागद परत दिला. पेन त्याचंच, तेबी दिलं. टोपण खाली पडलं, तर वाकून तेबी उचलून दिलं बघ.

आता बोल तू. तू असतीस तर केली असतीस सही?