तारेवरचे कोरडे कपडे

चिमट्यात धरलेली बाही नेहमीप्रमाणे कोरडीच होती — विरूपाक्षने ती तरीही चाचपून पाहिली, ओली बाही चाचपावी तशी, समोरच्या गच्चीवरून कोणी बघत असलं तर... शर्ट काल वाळत होता, परवाही. लातूर जिल्हा झाल्यापासून सोसायटीला दोन गोष्टी मिळाल्या होत्या, टँकर आणि नियमावली. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, नियमावली रोज. गच्चीवर कपड्यांच्या दोरीखेरीज काहीही बांधू नये, असं अध्यक्ष हणमंतरावांनी सायक्लोस्टाइल करून घरोघर वाटलं. म्हणून त्याने एरियलचीच दोरी बांधली — तांब्याच्या तारेची, टोकांना चिनी मातीचे मणी, आणि तिथून पाइपाच्या आडोशाने एक वायर खाली कोठीघरात, ज्वारीच्या कणगीमागच्या रेडिओपर्यंत. हौशी रेडिओ केंद्र चालवायचा, जगभर संदेश पाठवायचा दिल्लीचा परवाना ट्रंकेत होता. सोसायटीचा नव्हता.

रिकामी दोरी संशयास्पद दिसते, म्हणून कपडे. ओल्या कपड्यांनी तार झोल खाते, म्हणून कोरडे. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने एवढा सगळा विचार केला होता. दुष्काळात रोज सात कपडे वाळणारं घर शेजारणींना कसं दिसेल, तेवढा राहिला.

सकाळी त्याची बायको शिवगंगा टँकरवरून रिकामी घागर घेऊन आली. बायकांनी तिला रांगेतून काढून शेवटी उभं केलं, आणि शेवटपर्यंत पाणी पोचलंच नाही. बोलली ती गुरम्मा, हणमंतरावांची बायको, जिच्या लेकीच्या लग्नात शिवगंगेने दिवसभर पोळ्या लाटल्या होत्या — "रोज धुणं वाळू घालालीस, मग हितं कशाला आलीस गं?"

"तुमची तार हाय म्हणून सांगून टाकू का?" तिने घरात आल्यावर विचारलं.

"सांगितलंस तर उद्याच काढायला लावतील."

"न्हाई सांगत मग," ती म्हणाली. "पर ह्या घागरीचं काय करू, तेवढं सांगा."

त्याने घागर उचलून कोपऱ्यात पालथी घातली. परवा फिनलंडच्या एका माणसाने रेडिओवर हवामान विचारलं होतं... मी मोर्सची टकटक करून कळवलं, आकाश निरभ्र. तो म्हणाला, भाग्यवान आहात. मी आभार मानले.

चार वाजता तो कणगीमागे बसला, कानांवर हेडफोन, बोट बटणावर. घरचा एकच नियम होता — ती गच्चीवर असेपर्यंत बटण दाबायचं नाही, तारेचा चटका बसतो. खाली उतरताना ती पाइपावर दोनदा वाजवायची. खिडकीतून हणमंतरावांची भिंत दिसत होती आणि भिंतीवर तारेची सावली. सात कपडे. मग तिची सावली आली, आणि त्या सावलीने एक कोरडं लुगडं दोन्ही हातांनी घट्ट पिळलं, झटकलं, तारेवर टाकलं. मग दुसरं. ती त्याची तार झाकत होती, की साऱ्या सोसायटीला दाखवून देत होती? घ्या, आहे आमच्याकडे पाणी. दहावा कपडा. अकरावा...

कानात कोणीतरी विरूपाक्षच्याच केंद्राची खूण टिपटिपत होतं, फार लांबून, पुन्हा पुन्हा, स्वच्छ. उत्तर दिलं नाही तर दोन मिनिटांत तो दुसरीकडे वळणार. विरूपाक्षने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि पाइपाकडे कान दिला. पाइप वाजला नाही. बोट बटणावरच होतं... आणि मला कळलं की तो वाजूच नये, पुन्हा ‘आकाश निरभ्र’ कळवावं लागू नये, असं मला वाटतंय.