रेचा शेरा

अमेरिकेत ओमाहाच्या रेल्वे कंपनीतला तो जुना अवाढव्य कॉम्प्युटर देशभरच्या मालगाड्यांचा माग ठेवायचा. हल्ली तो रडतखडत चालत होता, म्हणून साहेब कर्टिस सकाळपासून प्रोग्रामर मार्जच्या डोक्यावर बसला होता.

कारण तिला सापडलं. यंत्र आपलं प्रत्येक पाऊल लिहून ठेवतं, त्याला ट्रेस म्हणतात. त्याने यंत्र मंदावतं, म्हणून बिघाड शोधायला तो तासभरच लावतात. इथे तो बावीस वर्षं चालूच होता. सेटिंगच्या ओळीखाली तिच्या आधीच्या, आता हयात नसलेल्या प्रोग्रामरने, रेने, शेरा मारला होता: ‘बंद करू नका. कारण नंतर लिहितो.’

"लिहिलंय का मग?" कर्टिसने विचारलं.

"रे आणि लिहिणार? स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारायचा तो."

"कर बंद."

मार्जने ट्रेस बंद केला. यंत्र सुसाट सुटलं. कर्टिस खूश झाला, पण मार्जची नजर घड्याळावरून हलेना. नवव्या मिनिटाला सगळे स्क्रीन गोठले. फोन खणाणू लागले. सत्तर गाड्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मार्जने ट्रेस पुन्हा लावला आणि यंत्र नव्याने सुरू केलं. गाड्या हलल्या.

"कशाने अडकलं?" कर्टिसने विचारलं.

"ते ट्रेसमध्ये दिसलं असतं. पण ट्रेस चालू असला की ते अडकतच नाही."

कर्टिस डोकं धरून बसला. मार्जने तिथल्या रिवाजाप्रमाणे रेच्या शेऱ्याखाली आपलं नाव आणि तारीख घातली. मग लिहिलं: ‘बंद करू नका. कारण नंतर लिहिते.’