नळाशेजारचं पाणी

कुनसुलूने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. पाण्यातली शैवालं फारच देखणी होती. गावाचं सांडपाणी जिथे मोठ्या नळातून कास्पियन समुद्रात पडतं, तिथे निळ्या-हिरव्या धाग्यांचा नुसता बुजबुजाट हवा. ही काचेच्या डबीसारखी नाजूक मंडळी त्या घाणीकडे फिरकतसुद्धा नाहीत.

पाणी गावातल्या ओतेगेन म्हाताऱ्याने आणलं होतं. कुनसुलूची पाठ धरल्यामुळे यंदा पहिल्यांदाच तो एकटा होडी घेऊन गेला. अहवाल उद्या जायचा होता. तो असा गोजिरवाणा गेला, की सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्राचं घोडं पेंड खाणार आणि गावची पोरं त्याच पाण्यात डुंबत राहणार.

ती कंबर धरत म्हाताऱ्याच्या घरी गेली. बायको गेल्यापासून चहा तोच ओतायचा.

“अगा,” थोरल्याला मारायची कझाक हाक मारत तिने विचारलं, “हे पाणी कुठलं?”

“समुद्राचं.”

“खरं सांगा.”

ओतेगेनने तळलेल्या बाउरसाकांचं ताट तिच्यापुढे सरकवलं. “किनाऱ्याच्या टोकापलीकडचं, स्वच्छ. नळापाशी गेलो होतो गं. बाटली भरली, वास आला, ओतून दिली. अल्माटीची बाई आमच्या दारी येऊन पाणी मागते आणि मी तिच्या हातात ते देऊ? माझी आई कबरीतून उठून मला चाबकाने फोडील!”

“अहो, मला ते प्यायचं नाहीये!”

“कळतं मला. पण हातात तर द्यायचंच ना?”

कुनसुलूला राग यायला हवा होता, पण आली ती मायाच. अकरा वर्षं ती बाटली स्वतःच भरायची आणि हा माणूस तिला पाहुणी म्हणून जपायचा; गावाची लाज तो आपल्या हाताने तिला कशी देणार?

ती कण्हत उठली, त्याच्या हातातली किटली काढून घेतली आणि त्याच्या वाटीत चहा ओतला, आधी दूध, मग कोरा चहा, इथल्या रीतीप्रमाणे वाटी अर्धीच. घरच्या लेकीने ओतावा तसा. म्हातारा बघतच राहिला. पाहुणी कधी किटलीला हात लावते का?

त्याने चहा संपवला, टोपी चढवली आणि होडीकडे गेला.

दिवस कलताना तो परतला. बाटलीत हिरवा लगदा होता आणि वास असा, की दारातलं कुत्रं उठून गेलं. ओतेगेनचे डोळे भरले होते, पण बाटली त्याने दोन्ही हातांनी पुढे केली.

“घे, पोरी,” तो म्हणाला, “हे आपलं पाणी.”