दबलेला आवाज

"काका, विजेचा काटा पडतोय. माल वाढवू ना?"

कंट्रोल रूममधली नवी इंजिनिअर मिलपाशी येऊन जुन्या ऑपरेटरच्या कानाशी ओरडत होती. समोर दुमजली घराएवढं लोखंडी पिंप फिरत होतं. आतले पोलादी गोळे खनिजासकट वर चढत आणि खाली कोसळून दगडाचं पीठ करत. चोवीस वर्षं तो हे कोसळणं ऐकत आला होता. माल कमी पडला की गोळे पिंपाच्या अस्तरावर आपटून खणखणतात. जास्त झाला की आवाज दबतो.

आज सकाळपासून आवाज दबलेलाच होता, पण त्याने दोष आपल्या कानांना दिला होता. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, डावा कान गेल्यातच जमा आहे, उजवाही त्याच वाटेवर. हे त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. इथे कळलं असतं तर त्याला मिलवरून उचलून स्टोअरमधल्या खुर्चीवर बसवलं असतं.

"काका, मिल रिकामी चाललीय. वाढवते मी."

काटा खोटं बोलत नव्हता. पण मिलमध्ये माल कमी असला तरी विजेचा काटा पडतो, आणि गळ्यापर्यंत भरला तरी पडतो. भरलेल्या मिलमध्ये आणखी माल गेला तर ती तुंबणार, आणि आठ माणसं दोन दिवस आत उतरून फावड्यांनी उपसत बसणार.

"थांब. तुला आवाज कसा येतोय?"

"मला काय विचारता? मिलची नाडी तुम्हाला कळते म्हणे."

"मला ऐकू येत नाही, पोरी. म्हणून विचारतोय."

ती हसली, आणि त्याचा चेहरा पाहून थांबली. कानातले बोळे काढून तिने क्षणभर ऐकलं.

"कालच्यासारखा खणखणीत नाही. उशीत तोंड खुपसून कुणी बोलतंय, तसा."

"माल बंद कर. पाणी चालू ठेव, आतलं पीठ वाहून जाऊ दे."

तासाभराने काटा वर चढला.

"रिपोर्टात काय लिहू?" तिने विचारलं.

"झालं ते. ऑपरेटरला आवाज कळला नाही."

"असं कसं लिहू, काका?"

"लिही. मी सही करतो."

घरी बायको चहा पुढे करत म्हणाली, "तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आलात. मिल कुजबुजली तरी ऐकू येतं, आमचं मेलं ओरडणंही नाही."

ती पुटपुटते, असं तो दोन वर्षं म्हणत आला होता.

"तू पुटपुटत नाहीस," तो म्हणाला. "माझा कान गेलाय."

"कुठला?"

"डावा."

ती आपला कप घेऊन उठली, वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला बसली, आणि शेजारणीच्या भांडणाची हकिगत पहिल्यापासून सांगू लागली.