मूठभर पांढरी माती

“बस झालं. वर ये आता,” मुगोलीनं खड्ड्यात वाकून सांगितलं.

धाकट्या भावानं, अगान्झेनं, फावडं टेकवलं. खड्डा जेमतेम कमरेइतका झाला होता. “ताई, वेड लागलं का तुला? एवढ्याशा खड्ड्यात आईला ठेवायचं? कुत्री उकरतील.”

“वर दगड रचू. आभाळ बघ कसं भरून आलंय.”

पाऊस काही इतक्यात येत नव्हता. पण केळीच्या बागेत जमलेल्यांनी वर बघून माना डोलावल्या. आई गेलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

मुगोलीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तळाशी लाल माती संपून पांढरी, मऊ माती लागली होती आणि तिच्यात काळे खडे होते. तिनं वर आलेल्या ढिगातून एक उचलून पाहिला. घेवड्याच्या दाण्याएवढा, पण हातात केवढा जड! सासरच्या डोंगरावर आठ वर्षं तिनं हेच धुतलं होतं. कोल्टन. मोबाइलमध्ये घालतात म्हणे.

सासरी आधी तराजू घेऊन व्यापारी आला. मागोमाग बंदूकवाले आले आणि रस्त्यावर दोरी आडवी बांधून पोत्यापोत्यामागे वाटा घेऊ लागले. मग त्यांना हाकलायला दुसरे बंदूकवाले. “पत्र्यांपुरतं खणतो, मग सोडतो,” असं तिचा नवरा बिरिंद्वा म्हणायचा. घरावर पत्रे आले. सहा महिन्यांत कुणीतरी ते उचकटून नेले, आणि बिरिंद्वाला तिनं ओळखलं ते पायातल्या रबरी बुटांवरून. माहेरच्या या गावात अजून रोज संध्याकाळी माणसं दारं उघडी टाकून गप्पा मारत बसायची. हे गाव तरी राहू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

“पांढरी माती लागली,” लुशोंबो मामा म्हणाले. “बहीण नशिबाची माझी. मऊ मातीत निजणार.”

“हो मामा. उरकू या लवकर.”

चटईत गुंडाळलेली आई खाली उतरली. एकेकानं मूठभर माती टाकली. प्रत्येक मुठीबरोबर चटईवर धप्प आवाज व्हायचा. अगान्झे शेवटी आला. त्यानं पांढऱ्या ढिगातून मूठ भरली, खड्ड्यावर धरली, ओठ हलवले. आवाज झाला नाही. मुगोलीनं ऐकलं, म्हणजे न झालेला आवाज ऐकला. मग तिनं फावडं हिसकावून आधी पांढरी माती लोटली आणि वर लाल पसरली.

परतल्यावर दारात हात धुवायचे होते. खाली पांढरी परात ठेवून मुगोली तांब्यानं पाणी घालत होती. मंडळी रांगेनं दोन्ही हात पुढे करत होती. अगान्झेनं एकच केला, डावा.

“दुसरा?”

“लागलंय. फावड्यानं.”

उजवा हात खिशात होता. तिनं मनगट धरून ओढलं, आणि परातीकडे लक्ष जाताच हात सोडून दिला. मूठ इथं उघडली असती तर काळे खडे तडक तळाला बसले असते, वीस माणसांच्या देखत. मामा मागेच उभे होते.

“तुझ्याकडे दोन महिने राहिलो होतो ना, ताई,” तो कुजबुजला. “विसरलीस? तू धुवायचीस, मी बघत बसायचो.”

खरंच विसरली होती ती. तेव्हा तो केवढासा होता!

“कुणाला सांगितलंस?”

“अजून नाही. शनिवारच्या बाजारात एक जण येतो. पत्र्यांपुरतं गं. मग बुजवून टाकू.”

“आणि आई?”

त्यानं डावा हात पुन्हा परातीवर धरला.

“आईला थोडं बाजूला घेऊ,” तो म्हणाला.

तांब्या रिकामा होईपर्यंत ती त्याच्या डाव्या हातावर पाणी ओतत राहिली. मग आत गेली. चुलीवर सगळ्यांसाठी आधण ठेवलेलं होतं, तिकडे तिनं पाहिलंही नाही. जमिनीवर आईची चादर पसरली आणि त्यात दोन ताटल्या, सुरी, पातेलं, जाड स्वेटर ठेवला.

मामा दारात येऊन थबकले. “अगं, आईच्या वस्तू आजच कशाला बांधतेस? दुखवटा तरी संपू दे.”

मुगोलीनं गाठ दातांनी आवळली.

“मामा,” ती म्हणाली, “तुमचंही बांधून ठेवा.”