मेल्याचं सोंग आणि टाचणी

मित्रांनो, मी सोंडकिड्यांच्या कुळातला एक वयस्कर भुंगेरा आहे. वाळक्या लाकडावरची बुरशी खाऊन मोठा झालो. माझी सोंड इतकी आखूड आहे की तिला सोंड म्हणणं हा निव्वळ मोठेपणा देणं झालं. मिशा मात्र अंगापेक्षा लांब. काळजी त्यांच्यातूनच आत शिरते, असा माझा संशय आहे.

आमच्या घराण्यात मुलांना एकच विद्या शिकवतात, मेल्याचं सोंग. पक्षी आला, पाय पोटाशी घ्या. वारा आला, तरी घ्या. आमचे आजोबा यात इतके निष्णात की त्यांनी एकदा घेतलेलं सोंग अजून सोडलेलं नाही. आम्ही आदराने वळसा घालून जातो.

एके दिवशी एका किडेतज्ज्ञाने माझी फांदी घरी नेऊन टेबलावर आपटली. मी पांढऱ्या कागदावर पडलो आणि संस्कारांप्रमाणे मेलो.

तज्ज्ञ मनाने हळवा होता. जिवंत किड्याला तो कधी टाचणी लावत नसे. मेलेल्याला मात्र संग्रहाच्या पेटीत ठेवायला पाठीतून आरपार. हे मला पाय दुमडल्यावर कळलं.

"वहिनी, हा बघा. आयताच मेलेला सापडला."

त्याची वहिनी किड्यांची चित्रं काढायची. तिने भिंग लावलं. "भावजी, नक्की मेलाय ना? तुमचे दादा रोज जेवल्यावर असेच पडतात."

"दादा घोरतो. हा घोरत नाही."

मित्रांनो, घोरता येत नसल्याचं एवढं दुःख मला कधीच झालं नव्हतं. पळावं, तर घराण्याची लाज जाते. पडून राहावं, तर पाठ जाते. टाचणीचं टोक पाठीला टेकलं, आणि मी एक मिशी हलवली. थोडीशीच, घराण्याला दिसू नये इतकी.

"हलला," वहिनी म्हणाली.

"वाऱ्याने असेल."

"पंखा बंद आहे. ती टाचणी ठेवा बघू खाली."

मग मी लाज सोडून सहाही पायांनी कागदभर चाललो. तज्ज्ञाने घाम पुसला. "याने तर माझ्या हातून खून करवला असता," तो माझ्याकडे रागाने बघत म्हणाला.

आता मी काचेच्या बरणीत राहतो. बुरशी वेळेवर मिळते. पण जरा टेकलो की तज्ज्ञ बरणीवर टिचकी मारतो, "आहेस ना रे?" म्हणून मी दिवसभर फेऱ्या घालतो. झोपतानाही एक पाय हलता ठेवतो.

तेव्हा मित्रांनो, जमतील तेवढे पाय जोडून विनंती करतो. कोणी निपचित पडलेलं दिसलं, तर लगेच मेलं म्हणू नका. जरा थांबा. भीती ओसरायला वेळ लागतो, टाचणी टोचायला लागत नाही.